अण्णाच्या खिशात पाच हजार आले कुठून?

तुमच्या पत्रातला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यात भाड्याच्या खोलीत राहणारा, पन्नाशी ओलांडलेला माणूस हा तुमच्या पाऊण तासाच्या चित्रपटाचा नायक. सगळे त्याला नुसतं अण्णा म्हणतात. पहाटे चारला तो पिशवी घेऊन निघतो, दुपारी दोनला परततो, वाड्याच्या नळावर बराच वेळ हात धूत बसतो, संध्याकाळी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, जाऊन बसतो. खोलीत कुलूप लावलेली पत्र्याची पेटी आहे. शेजारच्या मुलीचा परीक्षेचा फॉर्म भरायचा असतो, तेव्हा तो एकदम पाच हजार काढून देतो. शेवटी घाटावर त्याच मुलीला तो आपली सगळी कहाणी सांगतो: बायको गेली, भावाशी जमिनीवरून बिनसलं, गाव सुटलं. एवढं सगळं सांगूनही पहिल्या खेळानंतर लोकांनी विचारलं, "पण हा करतो काय? पैसे आणले कुठून?" आता तुमच्यासमोर दोन पर्याय आहेत. एक तर कामाचा खुलासा करणारा प्रसंग घालायचा, नाहीतर घाटावरचं सांगणंही काढून माणूस पुरता गूढ ठेवायचा.

मी पटकथा लिहितो, आणि त्याहून जास्त इतरांच्या वाचून त्यांवर बोलतो. माझं मत असं की तुमचे दोन्ही पर्याय चुकतात, कारण भूतकाळ आणि पोटापाणी या दोन वेगळ्या गोष्टी तुम्ही एकत्र धरल्यात. भूतकाळ झाकून ठेवता येतो, अनेकदा झाकलेलाच बरा असतो. पोटापाण्याचा धंदा मात्र झाकला की माणूसच उभा राहत नाही. तुम्ही नेमकं उलट केलंय. जे झाकायचं ते चार मिनिटं बोलून दाखवलंत आणि जे दिसायला हवं होतं ते दाराबाहेर ठेवलंत.

प्रेक्षकांवर रागावू नका. आपल्याकडे गाडीत शेजारी बसलेला माणूससुद्धा आधी गाव विचारतो, मग काम. त्यात भोचकपणा थोडा असेल, पण समोरचा माणूस कुठल्या जगातला आहे हे समजल्याशिवाय आपल्याला त्याच्याशी बोलायची भाषाच सापडत नाही. चित्रपटातही तेच होतं. अण्णाचे पाच हजार म्हणजे किती मोठे, हे मला कळलं तरच त्याचं देणं मला भिडेल. निवृत्तिवेतन घेणाऱ्याचे पाच हजार वेगळे, रोजंदारीवाल्याचे वेगळे. तुमच्या प्रेक्षकाला हिशोब नको होता, त्याला त्या रकमेचं वजन हवं होतं.

भूतकाळ न सांगता माणूस कसा उभा करतात याचं मराठीतलं सर्वांत भक्कम उदाहरण म्हणजे ‘सामना’मधला मास्तर. 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला हा जब्बार पटेलांचा चित्रपट, लेखन विजय तेंडुलकरांचं. डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर गावात येतो तो दारूच्या नशेत. एके काळी तो स्वातंत्र्यलढ्याच्या, गांधींच्या वाटेवरचा माणूस होता एवढं समजतं. मधली वर्षं कुठं गेली, तो असा का झाला, याचा तपशीलवार पाढा चित्रपट वाचत नाही, आणि आपण तो मागतही नाही. कारण आज तो कोणाच्या जिवावर जगतोय हे लख्ख दिसतं. साखरसम्राट हिंदुराव धोंडे-पाटील त्याला आश्रयाला ठेवतो, त्याची दारू पुरवतो. निळू फुल्यांचा हिंदुराव कशावर उभा आहे, हेही सबंध चित्रपटभर डोळ्यांसमोर असतं. म्हणून मास्तर जेव्हा ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ हा प्रश्न धरून बसतो, तेव्हा त्या प्रश्नाला धार येते. ज्याचं खातोय त्यालाच तो विचारतोय. मास्तरचं पूर्वायुष्य आणखी अर्धा तास दाखवलं असतं तरी ही धार वाढली नसती. त्याचं आजचं खाणं-पिणं कुठून येतं हे मात्र अंधुक ठेवलं असतं, तर ती गेलीच असती.

दुसरं उदाहरण त्याहून टोकाचं. चैतन्य ताम्हाणेंचा 2014 सालचा ‘कोर्ट’. त्यात वासुदेव पवार हा गटारात उतरणारा सफाई कामगार पडद्यावर एकदाही जिवंत दिसत नाही. लोकशाहीर नारायण कांबळेंच्या गाण्यामुळे त्यानं आत्महत्या केली असा आरोप आहे. मग त्याची बायको साक्षीला उभी राहते आणि नवऱ्याच्या कामाचे तपशील सांगते. उतरण्याआधी तो दारू प्यायचा, वास सहन व्हावा म्हणून. आधी खडा टाकून बघायचा, झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे असं समजायचा. वायूमुळे त्याचा एक डोळा गेला होता. सुरक्षेची साधनं दिलेली नव्हती. ती हे अगदी सपाट आवाजात सांगते आणि आत्महत्येचा सगळा डोलारा कोसळतो. त्या माणसाचं बालपण, लग्न, स्वभाव, काहीच आपल्याला माहीत नाही. फक्त काम माहीत आहे, आणि तेवढ्यानं तो माणूस आपल्यासोबत घरी येतो.

आपण नाशिकची माणसं. त्र्यंबकेश्वरी 1870 साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचं नाव आपण पुतळ्यापुरतं आणि स्मारकापुरतं घेतो. त्यांनी 1913 साली पहिल्या चित्रपटासाठी हरिश्चंद्राची कथा निवडली. त्या कथेकडे या दृष्टीनं एकदा बघा. कीर्तनात आपण सगळ्यांनी ऐकलेली ती गोष्ट अखेर कशावर येऊन ठेपते? राज्य गेलेला राजा डोंबाघरी चाकरीला राहतो, स्मशानात प्रेतामागे कर वसूल करणं हे त्याचं काम, आणि तारामती मुलाचं प्रेत घेऊन येते तेव्हा तो कर त्याला तिच्याकडून मागावा लागतो. त्याचं जुनं राजेपण कोणी सांगत बसत नाही. त्याची आजची नोकरीच त्याला पेचात धरते. कथेला तडीला नेण्याची ताकद धंद्यात असते.

आता तुमच्या अण्णाकडे येऊ. तुम्ही लिहिलंय की त्याचं काम काय हे तुम्ही स्वतःही ठरवलेलं नाही, ‘काहीतरी छोटं-मोठं’. सगळ्या गडबडीचं मूळ इथं आहे. प्रेक्षकाला सांगायचं की नाही हा नंतरचा प्रश्न. लेखकाला माहीत नसलं की नटाला माहीत नसतं, वेशभूषा करणाऱ्याला माहीत नसतं, आणि मग सगळेच आपापला अण्णा बनवतात. तुमच्या चित्रपटात पहिल्या दृश्यात त्याच्या शर्टाला कडक इस्त्री आहे आणि तिसऱ्या दृश्यात पायात फाटकी चप्पल. हे गूढ नव्हे.

कोणतंही काम ठरवताना मी स्वतःला पहिल्यांदा विचारतो, याच्या हातात पैसा कोणत्या दिवशी पडतो? सातपूर-अंबडच्या कारखान्यात ठेकेदाराकडे असलेल्या माणसाचा पगार महिन्याच्या ठरलेल्या तारखांच्या आसपास खात्यात येतो. त्या आधीचा आठवडा त्याच्या घरातला चहासुद्धा पातळ करतो. माथाडी हमालांसाठी महाराष्ट्रात 1969 चा कायदा आहे, नोंदणी झालेल्या हमालाची मजुरी माथाडी मंडळामार्फत येते, तर बिगरनोंदणीवाला रोजच्या रोज रोख घेतो. दोघांच्या पाठीवर गोणी तीच असते, पण बँकेत कर्ज मागायला गेल्यावर दोन वेगळी माणसं उभी राहतात. सिन्नरकडे विड्या वळणाऱ्या बाईचा हिशोब हजारावर चालतो. द्राक्षाच्या बागेत छाटणीला, विरळणीला पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या टोळ्या एकराचं काम उक्तं घेतात, आणि बागेचं काम संपलं की हातातला पैसाही थांबतो. रामकुंडावर दशक्रियेचे विधी करणाऱ्यांची कमाई त्या दिवशी कोणाच्या घरी काय घडलंय यावर असते. यातलं काहीही संवादात येणार नाही. पण पैसा कधी येतो हे ठरलं की माणूस कोणत्या दिवशी उदार असतो, कोणत्या दिवशी चिडचिडा, कोणाला दारात बघून मागे सरतो, हे आपोआप ठरत जातं.

मग शरीर. द्राक्षाच्या मांडवाखाली दिवसभर हात वर करून घड विरळणारी बाई संध्याकाळी मान खाली घालताना सावकाश घालते. कांद्याच्या खळ्यावर निवड करणाऱ्यांच्या कपड्यांना, केसांना पापुद्रे चिकटलेले असतात. गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, बाजूला काढायची सवय इतकी मुरते की घरी बटाटे घेतानाही बोटं आपोआप लहान-मोठे वेगळे करायला लागतात. येवल्याचा विणकर मागावरून उठला की पाठ सरळ करायला त्याला क्षणभर थांबावं लागतं. नटाला अशी एक गोष्ट द्या, बाकीचं तो करतो. फाळक्यांच्या त्या पहिल्या चित्रपटातली तारामती म्हणजे मुंबईच्या एका खाणावळीत आचारी असलेले अण्णा साळुंके. स्त्रीभूमिकेला बाई मिळेना, तेव्हा त्यांची नाजूक शरीरयष्टी आणि हात बघून फाळक्यांनी त्यांना घेतलं. हाताकडे बघून माणूस निवडण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते.

तुमच्याकडेही हात आहेतच! नळावर बराच वेळ हात धुण्याचं दृश्य तुम्ही वातावरणासाठी घेतलंत असं लिहिलंय. मला तुमच्या चित्रपटात तेच सर्वांत जिवंत वाटलं, कारण तिथं मी पहिल्यांदा पुढं सरकून बघितलं की याच्या हाताला लागलंय काय. आणि हाताला काहीच नव्हतं. स्वच्छ हात स्वच्छ पाण्याखाली.

माझ्या हातात असतं तर मी अण्णाला फुलांच्या धंद्यात घातलं असतं. पहाटे चार ते दुपारी दोन हे तुमचं वेळापत्रक त्याला चपखल बसतं. उजाडायच्या आत फुलबाजारात घाऊक माल घ्यायचा, देवळाच्या रस्त्याला बसून हार ओवायचे आणि विकायचे, दुपारच्या आरत्या आटोपल्या की उरलेला माल ओल्या फडक्यात गुंडाळून परत. झेंडू दिवसभर हाताळला की बोटांना हिरवट काळा डाग पडतो आणि वास काही केल्या जात नाही, म्हणून हात धुण्याला अर्थ येतो. चित्रीकरणही तुमच्या वाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. शिवाय हा धंदा रोख आणि रोजचा, हे तुमच्या कथेसाठी सर्वांत कामाचं आहे.

कसं ते सांगतो. रोज माल घेऊन विकणाऱ्या माणसाकडे साठवलेला पैसा असा फारसा नसतो, असतं ते भांडवल. आजच्या विक्रीतून उद्याचा माल. भिशी लागली किंवा पतसंस्थेच्या पिग्मीवाल्याकडे थोडं थोडं साचलं, तरच जास्तीचे चार पैसे. तर मग अण्णानं मुलीला दिलेले पाच हजार हे त्याचं भांडवल असू दे. खुलाशाचं वाक्य नको, कुणी मध्येच येऊन ‘अहो, हे तर तुमचे मालाचे पैसे’ असं म्हणायला नको. फक्त पुढच्या पहाटेचं एक दृश्य घ्या. चार वाजलेत, खोलीत अंधार आहे, अण्णा जागा आहे आणि उठत नाही. आधी तुम्ही त्याला चारला निघताना दोनदा दाखवलंयच. तिसऱ्यांदा तो निघाला नाही की प्रेक्षकाला सगळं समजेल: पैसे कुठले होते, ते दिल्यानं काय थांबलं, आणि हा माणूस कसा आहे. घाटावरच्या चार मिनिटांत जे झालं नाही ते एवढ्यात होईल.

आता भूतकाळाबद्दल. तो सांगायचा नाही, पण अंगात ठेवायचा. अण्णा पूर्वी काय होता हे तुम्ही ठरवा आणि त्याची एकच खूण हालचालीत राहू द्या. समजा तो एसटीत वाहक होता. मग तो नोटा लांबट घडी घालून बोटांच्या बेचक्यात धरेल, सुटे मोजताना नजर नाण्यांवर न ठेवता समोरच्या चेहऱ्यावर ठेवेल, सिटी बसमध्ये उभा राहिला तर दांडा न धरता पाय रोवून तोल सांभाळेल. आपल्या राज्यात ही खूण न ओळखणारा प्रेक्षक विरळा. एखाद्याला ऑक्टोबर 2021 ते एप्रिल 2022 चा एसटीचा लांबलेला संप आठवेल, एखाद्याला आणखी काही. नोकरी का सुटली हे तुम्ही सांगितलेलं नाही, म्हणून प्रत्येक जण स्वतःच्या ओळखीचा एक माणूस तिथं बसवेल. आज फुलं विकणारे हात जुन्या सवयीनं नोटा धरतात, या दोन गोष्टींच्या मधल्या फटीत अख्खा भूतकाळ मावतो.

वाड्याबद्दल एक सांगायलाच हवं. तुमच्या वाड्यात सहा बिऱ्हाडं आहेत, नळ एक आहे, आणि अण्णाबद्दल कुणी एका शब्दानं काही विचारत नाही. हे मला पटलंच नाही. पंचवटीतल्या वाड्यात नवा भाडेकरू आला की त्याच्या आडनावापासून साऱ्याची चौकशी होते, आणि उत्तर मिळालं नाही तर लोक ते स्वतः तयार करतात. त्यांना तयार करू द्या. एक म्हातारी म्हणेल, बायकोनं हाकललाय. एक जण म्हणेल, आत जाऊन आलाय. एखादी म्हणेल, काही नाही गं, साधा माणूस आहे, त्याला बोलायला आवडत नाही. तीन अफवा तीन वाक्यांत. गूढ कायम राहतं आणि ‘हा कोण?’ हा प्रश्न प्रेक्षकाच्या आधी चित्रपटानंच विचारलेला असतो. पात्रांना कुतूहल नसेल तर प्रेक्षकाचं कुतूहल चिडचिडीत बदलतं.

आणखी एक मुद्दा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या समाजात काम आणि जात अजून वेगळी झालेली नाहीत. पात्राचा धंदा अंधुक ठेवला की त्याची जातही अंधुक राहते. मग पाहणारा, विशेषतः शहरातला, नकळत आपल्यासारखाच माणूस तिथं गृहीत धरतो. ‘त्याचं काम महत्त्वाचं नाही, त्याचं एकटेपण महत्त्वाचं’ असं तुम्ही लिहिलंय. पण नाशिकमध्ये एकटं पडण्याचे रस्तेसुद्धा सगळ्यांना सारखे नाहीत. कुणाला वाड्यात खोली मिळते आणि कुणाला मिळत नाही, कुणाला घाटावर बसलेलं पाहून लोक नमस्कार करतात आणि कुणाला हटकतात. हे ठरवायचं टाळून माणूस सर्वांचा होत नाही, तो कुणाचाच राहत नाही. तुम्ही अण्णाला कुठला ठरवता हा तुमचा अधिकार, पण ठरवा, आणि वाड्यातल्या लोकांना ते माहीत असू द्या.

घाटावरचं सांगणं मी काढायला सांगतोय, याचं तुम्हाला वाईट वाटेल. तुमच्या नटानं ते मनापासून केलंय. तरीही काढा. जो माणूस चाळीस मिनिटं कुणाशी बोलत नाही, तो शेवटी सलग, व्याकरणशुद्ध वाक्यांत स्वतःचा जीवनपट सांगतो, तेव्हा तो अण्णा राहत नाही, तुमचा निवेदक होतो. भूतकाळातली एक तरी गोष्ट हातात यावी असं वाटत असेल, तर नाशिकमध्ये त्यासाठी इतर कुठल्या शहरात सहज मिळणार नाही अशी एक जागा आहे. रामकुंडावरच्या तीर्थपुरोहितांकडे पिढ्यान् पिढ्यांच्या वंशावळीच्या वह्या असतात. गाव आणि आडनाव सांगितलं की ते पान काढून देतात, आणि आपल्या घरातलं कोण, कधी, कोणासाठी इथं येऊन गेलं ते त्या माणसांच्या हस्ताक्षरात सापडतं. मुलीला कॉलेजच्या कामासाठी किंवा स्वतःच्या आजोबांचं नाव बघायला तिथं जाऊ द्या, आणि पानं उलटताना तिला अण्णाचं नाव दिसू द्या. तारीख, बायकोचं नाव, खाली अण्णाची सही. भावाची सही त्याच पानावर, पण काही वर्षांपूर्वीच्या जुन्या नोंदीत. या नोंदीत नाही. बायको गेली आणि भाऊ आला नाही. तुमच्या चार मिनिटांतल्या सगळ्या गोष्टी तिथं आहेत, कुणी तोंड उघडलेलं नाही. हे करायचं तर पुरोहितांची रीतसर परवानगी घ्या आणि खऱ्या वहीऐवजी नवी बनवून घ्या. खऱ्या वहीत दुसऱ्यांची घरं असतात, ती कॅमेऱ्यात येता कामा नयेत.

मुलीच्या बाजूनंही थोडं बघा. पैसे घेताना ती काहीच विचारत नाही. तिला अण्णाचं काम माहीत असेल, तर ते पैसे कुठले आहेत याचा अंदाज तिला येईल, आणि तरी तिला ते घ्यावे लागतील, कारण फॉर्मची तारीख उद्याची आहे. तिच्या चेहऱ्यावर तेवढं आलं की हा प्रसंग दोन माणसांचा होईल, सध्या तो एकट्या अण्णाच्या चांगुलपणाचा आहे.

पुन्हा चित्रीकरण करावं लागेल ते एवढंच: एका पहाटेचा बाजार, नळावरचे हात, न उठलेली पहाट आणि वहीचं पान. बाजारात मोठा लवाजमा नेऊ नका. आदल्या दिवशी नटाला एकट्याला एखाद्या हारवाल्याशेजारी सकाळभर बसवा, त्याला हार ओवू द्या, दोऱ्यानं बोटं कापू द्या. आवाज तिथलाच घ्या, नंतर स्टुडिओत बाजार भरवू नका.

राहिली ती पत्र्याची पेटी. तुमच्या पत्रात तिच्याबद्दल काहीच नाही, म्हणजे तिच्यात काय आहे हे तुम्हालाही माहीत नसावं. कुलूप दाखवलं की लोक किल्लीची वाट बघतात. वाहकाचा जुना गणवेश वगैरे आत ठेवायचा मोह होईल, तो टाळा, कारण मग हातांची खूण वाया जाईल. पेटीच काढून टाका आणि तिथं फुलांची रिकामी टोपली ठेवा, उद्याच्या मालासाठी.